पेट स्कॅन लिहून दिला, पण कोणता?

बायोप्सीचा अहवाल हल्ली आधी मोबाइलवर फिरतो. शिरगावच्या घरातून तो पुण्याच्या भाच्याकडे जातो, आखातातल्या मुलाकडे जातो आणि तासाभरात चार सल्ले घेऊन परत येतो. त्यातला एक सल्ला हमखास असतो: पेट स्कॅन करून घ्या, म्हणजे सगळे कळेल.

सगळे कळत नाही. पेट स्कॅनचे यंत्र एकच असले तरी ते काय दाखवणार हे शिरेतून दिलेल्या औषधावर ठरते. या औषधाला ट्रेसर म्हणतात. अगदी थोड्या प्रमाणात किरणोत्सारी असलेला हा पदार्थ शरीरात जिथे साठतो तिथे चित्रात ठिपका उजळतो. ट्रेसर बदलला की त्याच बाईचे, त्याच आठवड्यातले चित्र वेगळे दिसू शकते. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनकर्करोगात हा फरक विशेष जाणवतो. म्हणून गोव्यातल्या डिचोली किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ), तिथून गरज पडल्यास मुंबईला निघण्यापूर्वी कोणत्या प्रश्नासाठी कोणता ट्रेसर, एवढे तरी घरच्यांना माहीत असावे.

सुरुवात अहवालातल्या तीन ओळींपासून करावी: ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीवरचे आणखी एक प्रथिन). ईआर हा इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतले असे प्रथिन जे इस्ट्रोजेन हार्मोनला धरून ठेवते आणि त्याच्या जोरावर पेशीला वाढायला लावते. तपासलेल्या पेशींपैकी किमान १ टक्का पेशींत तो दिसला तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर त्याला लो पॉझिटिव्ह म्हणतात. काही प्रयोगशाळा टक्क्यांबरोबर ८ पैकी गुण देतात. त्याला अ‍ॅलरेड स्कोअर म्हणतात. ७ किंवा ८ गुण असतील तर गाठ इस्ट्रोजेनवर चांगलीच पोसलेली आहे आणि टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल यांसारख्या हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे, असा त्याचा अर्थ. ही ओळ नीट वाचल्याशिवाय ट्रेसरची चर्चा सुरूच करू नये, कारण पुढचा सगळा फरक तिच्यावर उभा आहे.

इस्ट्रोजेन आणि स्तनकर्करोगाचे नाते जुने आहे. स्कॉटलंडमधले शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली स्तनाचा कर्करोग पसरलेल्या बाईचे बीजकोश काढले तर गाठी आक्रसतात, असे प्रसिद्ध केले. का आक्रसतात, हे त्यांना सांगता येण्यासारखे नव्हते. पुढे शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी खूण जोडली आणि ते प्राण्यांच्या कोणत्या अवयवांत जाऊन टिकते ते पाहिले. गर्भाशयासारख्या ठराविक अवयवांतच ते धरून ठेवले जात होते. त्यातून रिसेप्टरचा शोध पक्का झाला. आज ज्या ट्रेसरला एफईएस म्हणतात तो जेन्सन यांच्याच कल्पनेचा पुढचा टप्पा आहे: इस्ट्रोजेनवर खूण लावायची, सोडायचे आणि ते कुठे थांबते ते बघायचे. फरक इतकाच की आता ते माणसाच्या शरीरात, बाहेरून, चित्रावर बघता येते.

नेहमीचा पेट स्कॅन मात्र इस्ट्रोजेनशी संबंधित नसतो. डॉक्टरच्या कागदावर नुसते पेट-सीटी लिहिले असेल तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ट्रेसर एफडीजी असतो. एफडीजी म्हणजे खूण लावलेली साखर. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखर अधाशासारखी ओढतात, आणि जिथे ओढली जाते तिथे ठिपका उजळतो. ऑगस्ट १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ती पहिल्यांदा माणसाला दिली गेली, तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत तयार करून ती विमानाने आणावी लागली होती. भारतात ही सोय उभी राहायला पुढची पंचवीस वर्षे गेली. मुंबईच्या परळमध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे ट्रेसरची किरणोत्सारी खूण तयार करणारे यंत्र, सुरू झाला.

दोन्ही ट्रेसर वेगवेगळे प्रश्न विचारतात. एफडीजी विचारते की पेशी कुठे भुकेल्या आहेत. एफईएस विचारते की इस्ट्रोजेनला धरणारा रिसेप्टर कुठे शाबूत आहे. आणि इथेच एक गंमत आहे. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या पुष्कळ गाठी संथ असतात. त्यांना साखरेची घाई नसते. त्यामुळे एफडीजीच्या चित्रात त्या फिकट दिसतात, कधी दिसतही नाहीत. म्हणजे स्वभावाने मवाळ रोग स्कॅनमध्ये लपतो. लोब्युलर प्रकारच्या स्तनकर्करोगात हे विशेष घडते. एकूण स्तनकर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. त्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा करत नाहीत, एकामागोमाग एक अशा रांगेने ऊतीत शिरतात. गाठ पुष्कळदा हाताला लागत नाही, मॅमोग्राममध्ये नीट उमटत नाही आणि एफडीजीतही फिकी पडते. बायोप्सीत लोब्युलर लिहिले असेल आणि एफडीजीचा अहवाल अगदी स्वच्छ आला असेल, तर त्या स्वच्छतेवर पूर्ण विसंबू नये. डॉक्टरशी बोलताना हा एक शब्द आवर्जून काढावा.

आता मूळ मुद्दा: स्टेजिंगसाठी पेट स्कॅन कोणाला लागतो? स्टेज म्हणजे रोग स्तनातच आहे, काखेत गेला आहे की हाडे, फुप्फुस, यकृत इथवर पोचला आहे, याची पायरी. गाठ लहान, काखेत काही नाही, दुसरी कसलीही तक्रार नाही आणि ईआर पॉझिटिव्ह, अशा पहिल्या टप्प्यातल्या बाईला कोणताच पेट स्कॅन नेहमीचा म्हणून करू नये, असेच जगभरचे मार्गदर्शन सांगते. रोग दूर पसरलेला असण्याची शक्यता इतकी कमी असते की स्कॅनमध्ये उजळणारा ठिपका बहुधा जुन्या क्षयाची गाठ किंवा दुसरेच काहीतरी निघते. मग त्या ठिपक्याच्या मागे सीटी, सुई, पुन्हा स्कॅन, महिनाभराची धाकधूक. आणि मूळ शस्त्रक्रिया लांबते. पैसे असले तरी हा स्कॅन मागून घेऊ नये.

गाठ मोठी असेल, कातडीवर आली असेल, काखेतल्या गाठी ठळक असतील, तर गोष्ट बदलते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात स्टेज तीन आणि दोन-बीच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका गटाला एफडीजी पेट-सीटी दिला, दुसऱ्याला नेहमीचे सीटी आणि हाडांचे स्कॅन. पेट गटातल्या २३ टक्के स्त्रियांचा रोग प्रत्यक्षात चौथ्या स्टेजचा निघाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. रोग दोन्ही गटांत सारखाच असणार, फक्त एका गटात तो दुपटीने सापडला.

सापडल्याने काय बदलते, याचे उत्तर मुंबईत मिळाले आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात, निदानाच्या वेळीच रोग दूर पसरलेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांच्या स्तनावर आणि काखेत शस्त्रक्रिया व किरणोपचार केले, निम्म्यांच्या केले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष आला: शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. याचा सरळ अर्थ असा की चौथी स्टेज आधी कळली तर एका बाईचा स्तन विनाकारण काढला जाणे टळू शकते. स्टेजिंगची घाई करायची ती यासाठी.

मग स्टेजिंगसाठी एफईएस का नको, असा प्रश्न साहजिक आहे. ईआर पॉझिटिव्ह रोगाला इस्ट्रोजेनचाच ट्रेसर, हे तर्काला पटते. अमेरिकेतले जॉन कॅट्झेनेलेनबोगन आणि मायकेल वेल्च यांच्या गटांनी हा ट्रेसर १९८०च्या दशकात तयार केला आणि १९८८ साली स्त्रियांवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता यायला मे २०२० उजाडला. ती मान्यताही मोजकी आहे: रोग परत आला किंवा पसरला आहे अशा रुग्णात, बायोप्सीच्या जोडीने, ईआर पॉझिटिव्ह ठिकाणे शोधण्यासाठी. बायोप्सीच्या जागी नव्हे. अणुवैद्यकातल्या तज्ज्ञांच्या अमेरिकी मंडळाने २०२३ साली त्याच्या योग्य वापराचे निकष दिले. सुई घालायला अवघड जागी ठिपका असेल, बायोप्सीतून निर्णय लागत नसेल, इतर स्कॅनमध्ये शंका उरली असेल किंवा पसरलेल्या रोगात हार्मोनविरोधी गोळी द्यावी की नाही हे ठरवायचे असेल, तिथे त्यांनी ठाम होकार दिला. पहिल्यावहिल्या स्टेजिंगसाठी तेवढा ठाम कौल नाही. लोब्युलर प्रकारात आणि काखेत पसरलेल्या रोगात त्याचा फायदा दिसतो आहे, अभ्यास चालू आहेत. पण नेहमीची चाचणी म्हणून ती अजून स्थिरावलेली नाही.

एफईएसचा मोठा आंधळा कोपरा म्हणजे यकृत. शरीर इस्ट्रोजेनची विल्हेवाट यकृतातून आणि पित्तातून लावते. त्यामुळे या स्कॅनमध्ये प्रत्येकीचेच यकृत लखलखते आणि त्यातला रोग त्या उजेडात बुडून जातो. आतडी आणि मूत्राशयही उजळतात. यकृताची शंका असेल तर एफडीजी, सीटी किंवा एमआरआयच लागतो. एफडीजीचा आंधळा कोपरा मेंदू. मेंदू मुळातच साखरेवर चालतो, म्हणून तिथला रोग त्यात झाकला जातो. सतत डोकेदुखी, उलट्या, तोल जाणे असेल तर पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून गप्प बसू नये, एमआरआयबद्दल विचारावे.

शेजारी शेजारी ठेवले की दोन चित्रे एकमेकांवर प्रकाश टाकतात. एखादे हाड एफडीजीत उजळले आणि एफईएसमध्येही उजळले, तर तो रोग अजून इस्ट्रोजेनवर जगतो आहे. गोळीला वाव आहे. एफडीजीत उजळले पण एफईएसमध्ये काळे राहिले, तर त्या ठिकाणच्या पेशींनी रिसेप्टर गमावला असण्याची शक्यता असते आणि नुसत्या हार्मोनविरोधी गोळीवर तो रोग आवरेल याची खात्री कमी. एफईएसमध्ये उजळले पण एफडीजीत फिकट, तर बहुधा संथ रोग. एकाच बाईच्या एका हाडात एक प्रकार आणि दुसऱ्या हाडात दुसरा, असेही होते. एका जागेची सुई ही गोष्ट सांगू शकत नाही, आणि एफईएसची खरी ताकद इथे आहे.

यातून अहवाल वाचण्याची एक खबरदारी निघते. दोन्ही अहवालांत एसयूव्ही नावाचा, ट्रेसर किती साठला ते सांगणारा आकडा असतो. एफडीजीत तो मोठा असेल तर रोग आक्रमक असल्याची शंका येते. एफईएसमध्ये तो मोठा असणे म्हणजे रिसेप्टर भरपूर असणे. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून घाबरणे किंवा खूश होणे निरर्थक आहे. आणि एफईएसमध्ये काही दिसले नाही म्हणजे ईआर पॉझिटिव्ह रोग नाहीच, असेही समजू नये. लो पॉझिटिव्ह गाठीत तर तो फिकाच पडतो. हर-टूबद्दल तर हा स्कॅन काहीच सांगत नाही.

गोव्यातल्या घरांसाठी आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरील देशव्यापी अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२३ साली आले, गोव्याचे प्रमाण देशात सर्वांत जास्त निघाले: २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांत एकाला मधुमेह. एफडीजीसाठी ही साधी अडचण नाही. रक्तातली साखर जास्त असेल तर पेशींना खऱ्या साखरेचाच भरपूर पुरवठा असतो, खूण लावलेली साखर आत शिरायला झगडते आणि चित्र फिके येते. साधारण २०० मिलिग्रॅमच्या वर साखर असेल तर बहुतेक केंद्रे त्या दिवशी स्कॅन करत नाहीत. पहाटेची कदंब बस पकडून गेलेली बाई हात हलवत परत येते. इन्सुलिन घेऊन साखर पटकन उतरवणे हाही उपाय नव्हे, कारण मग ट्रेसर स्नायूंत जातो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांची आतडी या स्कॅनमध्ये उजळतात, म्हणून काही केंद्रे ती दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. पण हे मधुमेहाच्या डॉक्टरला विचारूनच. स्कॅनच्या आधीचा आठवडा साखर आवरण्यात घालवावा आणि वेळ घेतानाच आपल्याला मधुमेह आहे हे सांगावे. एफईएसला यातले काही लागत नाही. उपाशी राहायचे नसते, साखरेचा संबंध नसतो.

उपासाचेही नीट समजून घ्यावे. लईराई देवीच्या जत्रेआधी धोंडांचे, म्हणजे व्रती भक्तांचे, व्रत पाहणाऱ्या शिरगावाला उपास शिकवायची गरज नाही. पण एफडीजीचा उपास देवाच्या उपासासारखा नाही: केळे, साबुदाण्याची खिचडी, शहाळ्याचे पाणी, दूध, गोड चहा, यांतले काही चालत नाही. चार ते सहा तास फक्त साधे पाणी, ते मात्र भरपूर. च्युइंगगम किंवा पान चघळले तर जबड्याचे स्नायू उजळतात. आदल्या दिवशी काजूच्या बागेत किंवा शेतात राबले तर हातापायांचे स्नायू उजळतात. इंजेक्शन दिल्यावर साधारण तासभर शांत पडून राहायचे असते, बोलणेही कमी. खोली थंडगार असते. थंडीने मान-खांद्याची चरबी ट्रेसर ओढते आणि डॉक्टरला उगीच शंका येते, म्हणून शाल बरोबर न्यावी.

एफईएसचा काच वेगळा, औषधांचा. टॅमॉक्सिफेनची गोळी रिसेप्टरवर स्वतःच जाऊन बसते. मग ट्रेसरला जागा उरत नाही आणि रोग असूनही चित्र काळे येते. टॅमॉक्सिफेन थांबवल्यावर किमान ८ आठवडे आणि फुलव्हेस्ट्रंटची इंजेक्शने थांबवल्यावर २८ आठवडे हा स्कॅन करू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच आहे. लेट्रोझोल, अ‍ॅनॅस्ट्रोझोल या गोळ्या इस्ट्रोजेन तयार होणे रोखतात, रिसेप्टरवर बसत नाहीत, म्हणून त्यांची आडकाठी नाही. यातून निघणारा निष्कर्ष असा की एफईएसचा विचार करायचा तर गोळी सुरू होण्याआधी. स्कॅनसाठी म्हणून चालू टॅमॉक्सिफेन स्वतःच्या मनाने बंद करणे हा मात्र धोक्याचा वेडेपणा आहे. आठ आठवडे औषधाविना राहण्याइतका त्या स्कॅनचा उपयोग आहे का, हे कर्करोगतज्ज्ञानेच ठरवायचे.

एफडीजी फसते तेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे ती हमखास फसते. क्षयाच्या जुन्या गाठी, किडलेला दात, नुकतीच दिलेली लस, बायोप्सीची ताजी जखम, सगळे त्यात उजळते. लस ज्या दंडात घेतली त्या बाजूची काख काही आठवडे सुजलेली दिसते. स्तनकर्करोगात काखच तर बघायची असते. म्हणून लस निरोगी बाजूच्या हातावर घ्यावी, आणि घेतली असेल तर स्कॅनच्या अर्जावर तारीख लिहावी. पूर्वी क्षय झाला असेल, तो वीस वर्षांपूर्वीचा असला तरी लिहावा. छातीच्या मधल्या गाठी एफडीजीत उजळल्या आणि क्षय की कर्करोग हा प्रश्न अडला, तर ईआर पॉझिटिव्ह रोगात एफईएस उपयोगी पडू शकते, कारण क्षयाच्या गाठी इस्ट्रोजेनला सहसा धरत नाहीत. तरीही शेवटचा शब्द सुईचा.

हाडांचा जुना स्कॅन अडगळीत टाकू नये. तो टेक्नेशियम-९९एम या समस्थानिकावर चालतो, ज्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा होण्याचा काळ, ६ तास आहे. हा समस्थानिक रुग्णालयातच जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून रोज काढता येतो, सायक्लोट्रॉन लागत नाही. म्हणून हा स्कॅन स्वस्त आणि बऱ्याच ठिकाणी मिळणारा. ईआर पॉझिटिव्ह रोग हाडांत फार जातो, आणि तिथे पुष्कळदा हाड कुरतडण्याऐवजी घट्ट करतो. अशी घट्ट हाडे एफडीजीत फिकी आणि हाडांच्या स्कॅनमध्ये ठळक दिसू शकतात. डॉक्टरने पेट न लिहिता छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन लिहिला, तर त्याने आपल्याला कमी प्रतीचे काही दिले, असे समजण्याचे कारण नाही.

पेट स्कॅन महाग आणि मोजक्या ठिकाणी का, याचे उत्तर घड्याळात आहे. एफडीजी आणि एफईएस दोन्हींवरची खूण फ्लोरिन-१८ची, आणि तिचे अर्धायुष्य ११० मिनिटे. दर ११० मिनिटांनी माल निम्मा होतो. मुंबईहून रस्त्याने गोव्याला यायला अकरा तास धरले तर सहा वेळा निम्मा: निघाला त्याचा ६४वा हिस्सा पोचतो. एफडीजीची रोजची मागणी मोठी, त्यामुळे विमानाने किंवा जवळच्या सायक्लोट्रॉनहून ती पुरवणे परवडते. एफईएसला रुग्ण थोडे. एका खेपेसाठी पुरेसे रुग्ण जमवावे लागतात, एखादा वार ठरवावा लागतो. म्हणून एफईएस लिहून दिली असेल तर निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: ती तिथे खरोखर होते का, कोणत्या वारी, आणि खेप बिघडली तर कळवतील का.

याच कारणाने तिसरा एक ट्रेसर लक्षात ठेवण्यासारखा आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे विकसित झालेला एफएपीआय हा गाठीभोवतीच्या आधार-पेशींना चिकटतो, साखरेवर किंवा हार्मोनवर अवलंबून नसतो. त्याला उपास लागत नाही, यकृत त्यात मंद राहते आणि लोब्युलर गाठीही बऱ्या दिसतात. तो बहुधा गॅलियम-६८वर बनवतात. गॅलियमही जनरेटरमधून निघते. मात्र झिजलेले सांधे, जखमांचे व्रण यांतही तो साठतो. स्तनकर्करोगात त्याचा वापर अजून अभ्यासाच्या टप्प्यात आहे, म्हणून कोणी तो सर्वांत भारी म्हणून गळ्यात मारत असेल तर कशासाठी, हे विचारावे.

वाट कशी असावी? डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून किंवा पेडण्याकडून तुयेहून सुरुवात झाली, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात सोनोग्राफी-मॅमोग्राम झाला, तरी स्टेजिंगचा निर्णय गोमेकॉतल्या कर्करोग विभागात, शस्त्रक्रिया आणि औषधोपचार करणारे दोघेही डॉक्टर एकत्र बघतील तिथे व्हावा. गोव्यात २०२१ पासून स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा या उपक्रमात हातात धरायच्या उपकरणाने स्तनतपासणी केली जाते. ती प्राथमिक चाळणी आहे, स्टेजिंग नव्हे. तिथे शंका आली तर पुढची पायरी मॅमोग्राम आणि सुई, थेट पेट स्कॅन नाही.

मुंबईला जायचे ठरले तर परळचे टाटा हॉस्पिटल. थिवीहून किंवा पेडण्याहून कोकणकन्येने दादर गाठता येते, आणि मोपाचा विमानतळ आता पेडणे तालुक्यातच आहे. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना वर्षानुवर्षे आसरा देते. जागा मिळेल का, याची आधी चौकशी करून जावे. बायोप्सीचा नुसता कागद नेऊन भागत नाही. मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या बरोबर न्याव्यात, कारण मोठी केंद्रे ईआर स्वतः पुन्हा तपासतात, आणि तो आकडा बदलला तर ट्रेसरचा विचारही बदलतो.

पैशांबाबत: गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण योजना ठराविक उपचारांच्या यादीवर चालते. स्कॅन त्या यादीत बसतो का, आणि बसत नसेल तर राज्याच्या मेडिक्लेम योजनेतून मंजुरी मिळते का, हे स्कॅनच्या आधी गोमेकॉतल्या मदत कक्षात विचारावे. मंजुरी बहुतेक वेळा आधी लागते, नंतर बिल नेऊन उपयोग होत नाही.

स्कॅन झाल्यावर छापील कागदाबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण चित्रे मागून घ्यावीत. पुढच्या स्कॅनमध्ये रोग घटला की वाढला हे जुन्या चित्रांशी ताडूनच कळते, आणि ती ताडणी त्याच ट्रेसरच्या, शक्य तर त्याच यंत्रावरच्या चित्रांशी व्हावी लागते. फायलीच्या पहिल्या पानावर ट्रेसरचे नाव, स्कॅनची तारीख, त्या दिवशीची साखर आणि तेव्हा चालू असलेली सगळी औषधे लिहून ठेवावीत.